सेंटर फॉरवर्डचा रुसवा

नवजवान क्लबचं त्या उन्हाळ्यात नेमकं काय चुकत होतं, हे पांढरकवड्यात मला कोणीही विचारलं नव्हतं. तरी मी सांगत होते. दळणाच्या रांगेत सांगत होते, भाजी घेताना सांगत होते, कोणाकडे हळदीकुंकवाला गेले तर तिथंही सांगत होते. गोलकीपर प्रेम, तो तांड्यावरचा, ताडमाड उंच आहे, पण चेंडू जोरात आला की आधी डोळे मिटतो. कर्णधार धम्मरत्न शाळेत मास्तर आहे, माणूस सोन्यासारखा, पण सगळ्यांचं ऐकून घेईपर्यंत चेंडू आपल्या जाळ्यात जाऊन बसलेला असतो. मधल्या फळीतले दोन्ही हाफ पळपळ पळतात आणि पोचत कुठंच नाहीत. हे सगळं एक वेळ चालवून घेता आलं असतं. पण सेंटर फॉरवर्ड!

अख्ख्या हंगामात त्या सेंटर फॉरवर्डनं एकही गोल केला नव्हता. समोर गोलकीपर आडवा पडलेला, जाळं उघडं, आणि याचा चेंडू जातो कुठं, तर कापसाच्या बंद जिनिंगच्या पत्र्यावर धाडकन. अंगानं भक्कम, डोक्यानं चेंडू छान घेतो, कोणाला घाबरत नाही. अशा माणसाला बॅकला टाकायचं असतं. हे मला समजत होतं, शेजारच्या मैनाबाईला समजत होतं, फक्त क्लबला समजत नव्हतं. मी एकदा भर चौकात बोलले, "याच्या पायात गोल नाईच हाय. याले मांगं टाका, नाई तर घरी बसवा."

यात चूक काहीच नव्हती. अडचण एवढीच होती की सेंटर फॉरवर्ड इंद्रजित हा माझा जावई.

आमचं घर जिनिंगच्या मागच्या भिंतीला लागून आहे. कापसाचे दिवस बरे होते तेव्हा त्या आवारात गाड्यांची रांग लागायची आणि क्लबची पोरं रस्त्यावर खेळायची. मग जिनिंग बंद पडली, आवार मोकळं झालं आणि क्लबला मैदान मिळालं. त्या वर्षांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांसाठी शहरातून कॅमेरेवाले फार यायचे. त्यांना आमच्या भागात फक्त रडणारी तोंडं हवी असायची. एकदा एक जण मैदानाशी थांबला, पोरं हसतखेळत पळताहेत हे पाहून तसाच परत गेला. मला राग आला. दुःख आमच्याकडे होतं, पुष्कळ होतं, पण संध्याकाळी साडेपाचला आम्ही फुटबॉल खेळत होतो, हेही खरंच होतं की नाही?

त्या आवाराच्या भिंतीवर, गोलच्या मागे, कडुनिंबाच्या सावलीत माझी जागा. लग्न होऊन आले तेव्हा आमचे हे क्लबचे गोलकीपर होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन सामना पाहायला जायची. तेव्हा सामने गावाबाहेरच्या माळावर व्हायचे, बायामाणसांनी तिथं जायची पद्धत नव्हती, सासूबाई चिडायच्या. मी जात राहिले. आता यांचे गुडघे गेले. खाटेपासून शिवणयंत्रापर्यंत आणि यंत्रापासून ताटापर्यंत, एवढंच त्यांचं चालणं. म्हणून मी सामना पाहून येते आणि रात्रीच्या जेवणाला त्यांना अख्खा सामना सांगते. कोण कुठं होता, कोण कुठं असायला हवा होता, सगळं. ते मध्ये काही बोलत नाहीत. पण एखादा चांगला अडवलेला गोल सांगितला की त्यांची बोटं पोळीवरच थोडी आवळतात.

त्या वर्षी अधिक महिना ऐन ज्येष्ठात आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना. लेक आणि जावई जेवायला येणार, जावयाला ओवाळायचं, ताटात पुरणाचे धोंडे वाढायचे, तांब्याच्या ताटात अनारसे आणि दिवा ठेवून वाण द्यायचं. आमच्या पायलनं आधीच बजावून ठेवलं होतं.

"आई, फुटबॉलचा एक शब्द काढाचा नाई. चौकात बोलली तू, थे सारं त्यायच्या कानावर गेलं हाय. दोन दिवस जेवले नाई थे धड."

"मंग गोल काहून करत नाई?"

"आई!"

मी तोंडाला कुलूप लावलं. रविवारी दोघं आले. मी जावयाला ओवाळलं, ताट वाढलं, हे शेजारी बसले. इंद्रजितनं ताटाला हातच लावला नाही. मांडी घालून बसला आणि खाली मान घालून ताटाकडं पाहत राहिला.

आमच्याकडे जावई असा ताटावर रुसतो. घड्याळ मागतो, अंगठी मागतो, आणि सासरच्यांनी थोडं ताणून मग हो म्हणायचं असतं. तो थट्टेचा भाग असतो. पण ताटावर एकदा हो म्हटलं की शब्द फिरवायचा नाही, हे मात्र थट्टेत नसतं. मी हसतच विचारलं, "काय पाह्यजे, जवाईबापू? मागा."

"मामी," तो म्हणाला, "तुमी आता सामन्याले येऊ नका. भितीवर बसू नका. एवढंच पाह्यजे मले."

पायलच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. मला वाटलं, तो आता हसेल. तो हसला नाही. माझ्या जिभेवर शंभर गोष्टी आल्या. पण ताट समोर, वात जळतेय, लेक माझ्या तोंडाकडं पाहतेय. मी म्हटलं, "बरं. नाई येत. जेवा आता." तो जेवला. अनारसे चांगले झालेत असंही म्हणाला. मला त्या दिवशी पुरणाची चव कळली नाही.

मंगळवारी उपांत्य सामना होता. मी घरात तांदूळ निवडत बसले आणि नवजवान क्लब जिंकला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मी नसताना हरायला पाहिजे होते. मैनाबाई येऊन सांगून गेली की प्रेमनं दोन चेंडू असे अडवले की बस. "डोये मिटून?" मी विचारलं. "उघडे होते व बाई," ती म्हणाली. रात्री जेवताना यांना सांगायला माझ्याकडं काहीच नव्हतं. आम्ही भाजीत मीठ बरोबर आहे की नाही यावर बोललो. जेवण लवकर संपलं.

शुक्रवारी अंतिम सामना, कळंबच्या संघाशी. साडेपाचला शिट्टी वाजली. मागच्या अंगणातून मैदान दिसत नाही, मध्ये भिंत आणि पत्र्याची शेड. पण ऐकू येतं. मी धुतलेले कपडे पुन्हा धुवायला घेतले. लोकांचा 'होऽऽ' चढत गेला आणि एकदम बसला, म्हणजे कोणीतरी हुकवला. मग पत्र्यावर धाडकन! कोणी हुकवला तेही समजलं. थोड्या वेळानं परक्या गळ्यांचा गलका उठला. कळंबनं गोल केला होता. यंत्र थांबवून हे दारात आले होते, चौकटीला धरून उभे होते. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडले असते.

मध्यांतराची शिट्टी झाली आणि भिंतीच्या भगदाडातून इंद्रजित आमच्या अंगणात शिरला. घामानं निथळत होता, पायात बूट, गुडघा फुटलेला.

"मामी, चाला."

"कुठं?"

"भितीवर. पायल तिथंच बसून हाय, जागा धरून ठेवली तुमची." तो धापा टाकत होता. "सारे लोक चांगलंच बोलून राह्यले व मामी. हुकला तरी टाळ्या वाजोतेत. मले समजूनच नाई राह्यलं का मी कुठं उभा हाओ. तुमी मांगून वरडत होत्या तं कमीत कमी समजे. चाला. मी बॅकले खेळतो, तुमी म्हनता तसं."

माझा जीव भिंतीवर कधीच जाऊन बसला होता. पण मीही त्याचीच सासू.

"ताटावर दिलेलं परत घेत नाई मी," मी म्हटलं आणि कपड्यांच्या बादलीशी पाठ फिरवून बसले. "आता मी रुसली."

हे दारातून पहिल्यांदाच बोलले. "जवाईबापू, आता थे मागल्याबिगर उठनार नाई. मी ओयखतो तिले."

इंद्रजित माझ्यासमोर उकिडवा बसला. पलीकडं पोरं पुन्हा मैदानात उतरत असल्याचा आवाज येत होता. "मागा मामी. लवकर मागा."

मी त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं. पंचवीस वर्षांचं पोर, दिवसभर पंपाच्या मोटारी दुरुस्त करतं आणि संध्याकाळी सेंटर फॉरवर्ड होतं. ते मी काढून घेतलं तर त्याच्याकडं संध्याकाळ कशाची राहणार? मला तर माझी गेल्यावर तीन दिवसांत काय होतं ते समजलं होतं.

"फॉरवर्डच खेळा," मी म्हटलं. "पन गोल हुकला का तुमी मान खाली घालता. मातीत पाह्यत उभे राह्यता, अन् तवर दुसरा चेंडू बाजूनं निंघून जाते. आता हुकला तं माह्याकडं पाहाचं. मी शिव्या देईन, थ्या ऐकाच्या. पन मान खाली घालाची नाई. एवढंच पाह्यजे मले."

"देल्लं," तो म्हणाला आणि पळाला. मीही पळाले, ओल्या हातांनी. पायलनं पदर पसरून माझी जागा अडवून ठेवली होती. मी बसले आणि सगळ्यात आधी प्रेमला ओरडले की पुढं सरक. तो चमकून मागं वळला, मला पाहून हसला आणि पुढं सरकला.

क्लबनं बरोबरी केली ती एका हाफच्या गोलवर. तो हाफ कुठंतरी पोचला, हे मी मान्य करते. मग सामना शेवटाला आला. कॉर्नरवरून चेंडू थेट इंद्रजितच्या पायाशी पडला. समोर कोणी नाही. त्यानं मारला आणि पत्र्यावर धाडकन!

सगळं मैदान 'च्च' झालं. इंद्रजितची मान खाली चाललीच होती. मग ती थांबली. त्यानं वर माझ्याकडं पाहिलं. मी उभी राहिले आणि जे काही पोटात साठलं होतं ते सगळं त्याला ऐकवलं. त्याच्या पायाला, त्याच्या बुटाला, त्याला बूट विकणाऱ्या दुकानदाराला. भिंतीवरचे लोक हसायला लागले. तोही हसला. तेवढ्यात कळंबच्या गोलकीपरनं घाईत चेंडू मारला, तो नीट बसला नाही आणि इंद्रजितच्या बाजूनं घरंगळत निघाला. मान वर होती म्हणून त्याला तो दिसला. त्यानं झेप घेतली, चेंडू काढला, आणि मी ओरडण्याआधीच धम्मरत्नला दिला. मास्तरांनी एकदाचं कोणाला न विचारता मारला. गोल!

नंतर काय झालं ते मला नीट आठवत नाही. पायल माझ्या गळ्यात पडून रडत होती आणि मी तिला ओरडत होते की अजून शिट्टी झाली नाही.

रात्री दोघं जेवायला आमच्याकडंच आले. उरलेले अनारसे काढले. मी यांना सामना सांगायला लागले. यांनी ताट थोडं पुढं सरकवलं, ऐकायला बसतात तसं. प्रेमचं सांगितलं, हाफचं सांगितलं. मग शेवटच्या गोलपाशी आले आणि काय झालं कोण जाणे, सामना सांगताना आयुष्यात कधी खोटं न बोललेली मी, म्हणाले, "अन् मंग जवाईबापूनं मारला. सरळ जायात."

यांची बोटं पोळीवर आवळली. "वा," ते म्हणाले.

"नाई, मामाजी," इंद्रजित म्हणाला. "गोल मास्तरचा हाय. माहा पत्र्यावर गेलता."

हे बोलताना तो ताटाकडं पाहत नव्हता. मान वर करून सरळ माझ्याकडं पाहत होता, आणि हसत होता. माझे डोळे भरून आले. मी उठून त्याच्या ताटात आणखी दोन अनारसे टाकले आणि म्हटलं, मुकाट्यानं खा.

पुढच्या हंगामात त्याला बॅकलाच टाकायला पाहिजे, हे माझं मत मात्र कायम आहे.