दुकानातून आणलेला कचरा

शाळेतून चिठ्ठी आली की तुमच्या-आमच्या घरात परीक्षा कुणाची असते? मुलांची? छे! आईबापांची. ‘घरातल्या टाकून द्यायच्या वस्तूंपासून एक कलाकृती करून आणावी’ अशी चिठ्ठी खारूताईच्या दप्तरातून निघाली आणि तिच्या बाबांनी लगेच बाह्या सरसावल्या.

खारूताई हे तिचं लाडाचं नाव. वय वर्षं आठ. तुटकी किल्ली, शाई संपलेलं पेन, बंद पडलेलं घड्याळ, काही म्हणून ती टाकू द्यायची नाही. सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात साठवायची. बाबा मोठ्या दुकानांच्या काचेमागची सजावट करायचे. त्यांनी मांडलेला साधा बूटसुद्धा रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवायचा. कुठे एक दोरा वाकडा दिसला तरी त्यांना घास गोड लागत नसे.

“बाबा, मी घर करणार आहे. आपलं घर.”

“करू या की! तू फक्त बघत बस.”

ती बघत बसली. बाबांनी आराखडा काढला, यादी केली आणि दुकान गाठलं. आइस्क्रीमच्या काड्यांचं कोरं पाकीट आणलं, एकसारखी चाळीस बटणं आणली, सोनेरी दोरी आणली. रिकामी बाटली हवी म्हणून भांड्यांचा नवाकोरा साबण बादलीत ओतला. पायासाठी डबा हवा होता, तो घरातच मिळाला. त्यांनी खारूताईचा डबा उपडा केला, आतलं सगळं कचऱ्याच्या पिशवीत भरलं आणि डब्याला पांढरा रंग दिला.

“अरे, ते तिचं होतं ना?” आई म्हणाली.

“नुसतं भंगार गं ते!”

मधे एकदा खारूताईनं एक बटण उचलून दारावर चिकटवायला घेतलं. “थांब, वाकडं होईल,” म्हणत बाबांनी ते अलगद काढून घेतलं. मग तिनं दोन्ही हात पाठीमागे घेतले, ते काम संपेपर्यंत तसेच.

प्रदर्शनाच्या दिवशी वर्गात पालकांची गर्दी झाली. खारूताईच्या टेबलापाशी लोक थबकत होते आणि बाबा उगीचच रुमालानं घाम पुसत होते. चित्रकलेच्या बाई टेबलामागून टेबल बघत आल्या. केस पिकलेले, बोटांना कायमचा रंग. प्रत्येक मुलाला त्यांचा एकच प्रश्न.

“हे आधी काय होतं गं?”

खारूताईनं खरं ते सांगितलं. “हे आधी दुकानात होतं.”

वर्गात खसखस पिकली.

“आणि बाटली?”

“साबणानं भरलेली होती. बाबांनी ओतून टाकला.”

“बरं. यात तू काय काय केलंस?”

“मी मधे मधे आले नाही.”

आता कुणी हसलं नाही. बाईंनी वर्गातल्या टाकाऊ वस्तूंच्या खोक्यातलं एक तुटकं झाकण तिच्यापुढे धरलं. “याचं काही करून दाखवतेस?”

“नको. माझ्या हातून वाकडं होतं.”

हे वाक्य कुणाचं, ते बाबांना कुणी सांगायला नको होतं!

गर्दी पांगल्यावर ते बाईंना गाठून म्हणाले, “बाई, वाकडंतिकडं मांडलं असतं तर मुलं तिला हसली असती.”

“आज हसली नाहीत का?” बाई शांतपणे म्हणाल्या. “तुमचं काम देखणं आहे हो. पण चिठ्ठी मी तुम्हाला पाठवली नव्हती. कापणं, चिकटवणं मी कुणालाही चार दिवसांत शिकवते. तुटकी वस्तू हातात घेऊन ‘याचं अजून काय होईल?’ असं वाटणं, ते तिला न शिकवताच येत होतं. आणि ‘माझ्या हातून होत नाही’ हे एकदा मनात बसलं ना, की ते काढायला वर्षं जातात. प्रदर्शन शनिवारपर्यंत आहे.”

घरी येताच बाबा कचऱ्याच्या डब्याकडे धावले. डबा रिकामा! त्यांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात आईनं कपडे धुण्याच्या यंत्रामागून एक पिशवी ओढून काढली.

“मी टाकलीच नव्हती. तुम्हा दोघांनाही ओळखते मी.”

बाबांचा जीव भांड्यात पडला. ते लेकीसमोर जमिनीवर बसले. “खारू, चुकलो मी. तुझा डबा तुला न विचारता रिकामा केला.”

तिनं पिशवी आपल्याकडे ओढून घेतली. “मग आता तू हात लावायचा नाहीस.”

“नाही लावणार.”

बोलणं सोपं होतं! तिनं खोक्याच्या पुठ्ठ्यावर पहिलीच वस्तू तिरकी लावली आणि बाबांचे हात शिवशिवू लागले. शेवटी ते आपल्याच हातांवर बसले. मधेच ती म्हणाली, “बाबा, ही किल्ली चिकटतच नाही.”

“गुळगुळीत आहे ना. पॉलिश पेपरनं घास, मग डिंक लाव आणि शंभर मोजेपर्यंत दाबून धर.”

तिनं घासली. मोजताना साठावर चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. किल्ली बसली!

“बसली, बाबा! माझ्या हातानं बसली!”

बाबांनी हातांवर बसूनच मान हलवली.

शनिवारी बाई पुन्हा टेबलापाशी आल्या. पुठ्ठ्यावर एक भला मोठा चेहरा होता.

“घर करणार होतीस ना?”

“घरातलं माणूस झालं,” खारूताई म्हणाली, आणि मग तिची गाडी थांबेचना. “हे केस म्हणजे बाबाची गुंडाळायची मोजपट्टी, तिची स्प्रिंग तुटली होती. नाक म्हणजे जुन्या घराची किल्ली. तोंड आईच्या पर्सच्या चेनचं. उघडतं पण, बघा!”

“आणि डोळे असे वाकडे का गं?”

“बाबा तसाच बघत होता. त्याला हात लावायचा नव्हता ना!”

वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्यानं बाबा हसले आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

मंडळी, नवं विकत आणून त्याला टाकाऊ म्हणायचं, आणि मुलांच्या हातातलं खरं काम काढून घ्यायचं, ही सवय आपण सगळ्यांनीच सोडायला हवी. मुलांना साधन द्या, युक्ती सांगा, विचारलं तर उत्तर द्या. आणि त्यांचं वाकडं सरळ करायला हात फारच शिवशिवले, तर खुशाल त्या हातांवर बसा. तेवढ्या वेळात मुलं शिकतात.