तीनदा वाचायचं नाव

पाटीवाल्यांच्या दुकानात एक नियम होता आणि समोर कुणीही मोठा माणूस आला तरी तो मोडायचा नाही. दगडावर आधी पेन्सिलीनं अक्षरं काढायची. मग गिऱ्हाइकाला समोर उभं करून, अक्षरांखालून बोट फिरवत, नाव मोठ्यानं तीनदा वाचायचं. गिऱ्हाईक 'बरोबर' म्हणालं की मगच छिन्नी उचलायची. घाईतली माणसं वैतागायची. "अहो, माझंच नाव आहे, मला माहीत नाही का?" पाटीवाले चष्म्यावरून बघत म्हणायचे, "तुम्हाला माहीत आहे हो. दगडाला माहीत नाही."

या नियमामागे एक फजिती होती. त्यांच्या उस्तादांनी तरुणपणी गडबडीत एका मयत बाईच्या पाटीवर तिच्या जावेचं नाव कोरून ठेवलं होतं. ती जाऊ चांगली ठणठणीत होती, आणि स्वतः दुकानात येऊन उस्तादांची अशी काही हजेरी घेऊन गेली की गल्ली महिनाभर हसत होती. कागदावर चुकलं तर खोडता येतं. दगडावर चुकलं तर सगळा दगड घासून सूतभर खाली उतरवावा लागतो.

चाळीस वर्षं नावं कोरून पाटीवाल्यांचं नावांबद्दल एक मत झालं होतं. नाव साधं असावं. चारचौघांत खपून जाणारं. असं का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. घरच्यांनी त्याला हेकटपणा म्हणून सोडून दिलं, आणि हेकट ते होतेच.

आपल्या एकुलत्या एका लेकीला त्यांनी त्या काळी घराघरात असलेलं नाव दिलं होतं. शाळेत तिच्या वर्गात त्या नावाच्या चौघी निघाल्या. बाई त्यांना पहिली, दुसरी, तिसरी, चौथी म्हणायच्या. ही तिसरी. त्यामुळे झालं काय, की रस्त्यात मागून कुणी नावानं हाक मारली तरी लेक वळून बघायची नाही. आपल्याला नसेलच मारली, असं तिला वाटायचं.

लेकीला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पोटातलं टिकलं नाही. तिसऱ्या खेपेला ती पाच महिने पलंगावर पडून होती. जिना चढायला भ्यायची, शिंकायला भ्यायची, फोन वाजला तरी दचकायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, दिवसभर लोकांना वरखाली करून संध्याकाळी घरी यायचा आणि तिच्या उशाशी बसून राहायचा. मुलगी झाली. चांगली सव्वातीन किलोची, रडली तर तीन मजले ऐकतील अशी. आठव्या दिवशी लेकीनं बापाला सांगितलं, "नाव ठरलं. निर्धास्त."

पाटीवाले चहा पीत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "हे नाव आहे की विम्याची जाहिरात?"

"नाव आहे. तुमच्या नातीचं."

"अगं, हाक कशी मारणार? निर्धास्त, जेवायला ये? लोक हसतील."

"हसू देत. वळून तर बघेल ती. बाबा, मी जन्मभर भीत आले. कशाला भीत होते तेही मला माहीत नाही. हिनं तसं जगायचं नाही."

"नाव ठेवून का माणसं तशी होतात?"

"नाही होत. पण कुणीतरी रोज तिला तसं म्हणेल ना?"

जावई दारात उभा राहून दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. सासरे-बायकोच्या भांडणात पडायचं नाही इतकं शहाणपण त्याला लिफ्टनं शिकवलं होतं: मध्ये अडकलं की नुसतं उभं राहायचं. पाटीवाले उठले. "मी नाही म्हणणार ते नाव," ते म्हणाले. "तुम्ही घाला काय गोंधळ घालायचा तो."

आणि त्यांनी खरंच म्हटलं नाही. सात महिन्यांत एकदाही नाही. ते तिला सरकार म्हणायचे, ठमाबाई म्हणायचे, फार लाडात आले की गुंडे म्हणायचे. जीव मात्र असा लावला की बघणाऱ्याला हसू यावं. दुकान बंद करून कोपरापर्यंत हात धुवायचे, सदरा बदलायचे, अंगावर दगडाचा कण नाही याची खात्री करायचे आणि मगच तिला घ्यायचे. ती झोपेना झाली की चमच्यानं वाटीवर टक टक, टक टक करायचे, छिन्नीच्या लयीत. दोन मिनिटांत सरकारचे डोळे मिटायचे. लेक कधी कधी म्हणायची, "एकदा नावानं हाक मारा ना, बाबा." ते म्हणायचे, "झोपलीय ना आता. उठेल."

सातव्या महिन्याच्या शेवटी तिला ताप आला. रविवारी आला, सोमवारी छातीत उतरला, बुधवारी दुपारी ती गेली. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. कुणाला बोल लावावा असं काही घडलंच नव्हतं, आणि त्यामुळे दुःखाला टेकायलाही जागा राहिली नाही.

दफनभूमीच्या मागच्या भिंतीलगत लहान मुलांसाठी राखलेली जागा होती. तिथे हातभराची दगडी पाटी लावता यायची. दोन महिने झाले तरी ती जागा कोरीच होती. एके दिवशी जावई एकटाच दुकानात आला, कोरायला ठेवलेल्या एका दगडावर बसला आणि लगेच दचकून उठला.

"बसा हो," पाटीवाले म्हणाले, "त्याला काही होत नाही."

"बाबा, ती म्हणते पाटी दुसरीकडून करून घेऊ. त्या मशिनवाल्याकडून." त्यानं मान खाली घातली. "मला ते पटत नाही. पण ती ऐकत नाही. म्हणते, बाबांना त्रास नको."

त्रास नको, म्हणजे काय ते पाटीवाल्यांना बरोबर कळलं. "तिला घेऊन या," ते म्हणाले. "नियम आहे. गिऱ्हाईक समोर लागतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक आली. वाळली होती. नवऱ्याला तिनं बाहेर थांबायला सांगितलं आणि घडी घातलेला कागद टेबलावर ठेवला. त्यावर नाव आणि दोन तारखा. दोन तारखांमध्ये सात महिन्यांचं अंतर.

पाटीवाल्यांनी कधीचाच दगड निवडून ठेवला होता. पांढरा, बारीक पोताचा, एकही शीर नसलेला. ओल्या फडक्यानं तो पुसून ते पेन्सिलीनं आखू लागले. चाळीस वर्षांचा हात, पण पहिली वेलांटी दोनदा पुसावी लागली. लेक स्टुलावर बसून बघत होती.

"एक विचारू?" ती म्हणाली. "खरं सांगाल?"

"विचार."

"तुम्हाला वाटतं ना, की ती नावामुळे गेली?"

पेन्सिल थांबली. 'नाही' म्हणणं किती सोपं होतं! कुठलाही बाप पटकन म्हणाला असता. पण पाटीवाल्यांच्या तोंडून शब्द फुटेना, कारण चौतीस वर्षं त्यांनी नेमकं तेच खरं मानलं होतं. लेकीनं त्यांच्या गप्प बसण्याचा काय अर्थ घ्यायचा तो घेतला. तिचा चेहरा पडला, आणि ती कागद उचलायला पुढे झाली.

"थांब," ते म्हणाले. "तुझ्याआधी एक मुलगा झाला होता आम्हाला."

"माहीत आहे. आई सांगायची. नऊ दिवसांचा होता."

"नाव सांगितलं होतं का तिनं?"

"नाव ठेवलंच नव्हतं म्हणाली."

"ठेवलं होतं. मी ठेवलं होतं." पाटीवाल्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं उगाच पुसत राहिले. "सढळ. तेव्हा मला वाटलं, जगात सगळे हात आखडून वागतात, आपला पोरगा तसा नको. मित्र हसले, तुझी आजी तर दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. मी छाती फुगवून पितळेची पाटीसुद्धा केली. नवव्या दिवशी तो गेला. मग मी मनाशी धरलं, की मोठं नाव ठेवून आपण त्याला उघड्यावर आणलं. साधं ठेवलं असतं तर कुणाचं लक्ष गेलं नसतं. तुझ्या आईला शपथ घातली, हे नाव पुन्हा घरात काढायचं नाही. आणि तू झालीस तेव्हा..."

"तेव्हा चौघींतली तिसरी," लेक म्हणाली.

"हो. म्हटलं, गर्दीत राहू दे पोरीला. कुणाला सापडायला नको."

बाहेर जावई येरझाऱ्या घालत होता, त्याची सावली दारातून आत येई आणि परत जाई.

"म्हणजे तुम्हाला तसं वाटतं," लेक हळूच म्हणाली.

"वाटत होतं. चौतीस वर्षं वाटत होतं. गेले दोन महिने मी तोच हिशोब करतोय. मी दोष नावाला दिला, म्हणजे तुला दिला. माझ्या हातांनी तुझ्या पदरात हे घालू? तू त्या पोरीसाठी पाच महिने श्वास रोखून पडून होतीस. तुझ्यामुळे नाही गेली ती, बाळा. ताप आला आणि गेली. आणि तुझ्यामुळे नाही, तर माझ्यामुळे तो तरी कसा गेला असेल? इतकी साधी गोष्ट मला म्हातारपणी कळली. तोवर तुझी आईही गेली, आणि तिला तिच्या मुलाचं नाव एकदाही घेऊ दिलं नाही मी."

लेक रडत नव्हती. रडून रडून ती त्याच्या पलीकडे गेली होती. "आमच्याकडेही कुणी घेत नाही," ती म्हणाली. "शेजारणी म्हणतात, बाळ. हा म्हणतो, ती. माझ्यासमोर नाव काढायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलंय. मला बरं वाटावं म्हणून. पितळेची पाटी कुठे आहे?"

"खालच्या खणात. तिच्यावर मी छिन्न्या गुंडाळायचं कापड ठेवतो."

"नंतर दाखवा."

"दाखवीन."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला आणि उरलेली अक्षरं काढली. आता हात हलला नाही. अक्षरं झाली, तारखा झाल्या. पेन्सिल कानावर ठेवून ते उभे राहिले, सवयीनं घसा खाकरला, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आता वाचावं लागणार. ती असताना जे म्हटलं नाही ते आता, ती नसताना. वाटीवरची टक टक आठवली. 'उठेल' म्हणून टाळलं होतं, तेही आठवलं. त्यांनी टेबलाची कड धरली.

लेक स्टुलावरून उठून नियमाप्रमाणे समोर येऊन उभी राहिली.

पाटीवाल्यांनी पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं. "निर्धास्त," ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्यांचा त्यांनाच ऐकू आला नसेल. दुसऱ्यांदा वाचलं, "निर्धास्त." तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा आवाज मोकळा झाला होता. बाहेर जावयाची सावली जागच्या जागी थांबली.

ते 'बरोबर' ऐकायची वाट बघत राहिले. लेक काही बोलली नाही. काही चुकलं की काय म्हणून त्यांनी वाकून अक्षरं तपासली, तारखा कागदाशी ताडून पाहिल्या. चूक नव्हती. मग त्यांनी मान वर करून लेकीकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते. ओठही घट्ट मिटलेले होते, आणि ती नुसती ऐकत होती.

पाटीवाल्यांनी बोट पुन्हा पहिल्या अक्षराखाली नेलं. चौथ्यांदा वाचलं. पाचव्यांदा वाचलं. छिन्नी त्या दुपारी उचललीच गेली नाही. गिऱ्हाईक 'बरोबर' म्हणत नाही तोवर हात लावायचा नाही, हा त्या दुकानाचा नियमच होता.