सल्फरची उरलेली जोडी

बसा आधी. लंबू, तू दारापाशी थांब, नर्स आली तर सांग. आणि सगळ्यांनी फोन बाहेर काढून ठेवा, का ते सांगते. दादा बरा आहे. म्हणजे आत्ता, या मिनिटाला बरा आहे, आत पलंगावर बसून नर्सशी हुज्जत घालतोय की मला घरी सोडा. पण डॉक्टर म्हणाल्या, चोवीस तास काही सांगता येत नाही. आणि हे सगळं माझ्यामुळे झालंय. नाही, उगाच नाही म्हणत. ऐका तरी.

दादा वीज उपकेंद्रात आहे, माहितीये ना? तिथे मोठाले ब्रेकर असतात. लाईन तोडायची-जोडायची बटणंच समजा, पण कपाटाएवढी, लोखंडी टाकीत बंद. टाकीत गॅस भरलेला, सल्फर हेक्साफ्लोराइड. मधे सल्फर, भोवती सहा फ्लोरिन, सगळ्या बाजूंनी पहारा. सल्फरपर्यंत कोणी पोचतच नाही, म्हणून तो गॅस अगदी गरीब गाय. पण आत मोठी ठिणगी पडली की काही रेणू फुटतात, सहातले दोन फ्लोरिन सुटतात, चारच राहतात. तळाला पांढरी पूड साठते. आधी गॅस ओढून घेतात, तरी तो चारवाला थोडा पुडीत अडकून राहतोच, मग माणूस झाकण काढून आत डोकं घालतो आणि पुसतो. मास्क, रबरी मोजे, अंगभर झगा, हा नियमच.

आणि दादाला मास्क म्हणजे शिक्षा. मागच्या महिन्यात जेवताना मला म्हणाला, "काय गं प्रोफेसर, तो चार फ्लोरिनवाला एवढा वाईट असतो का? आत घामाने डोळे मिटतात माझे."

मी काय, तोंडात घास असतानाच सुरू. "अरे चार ना? मग कार्बनच्या चार फ्लोरिनवाल्यासारखाच! चार जण एकमेकांपासून जेवढं लांब बसता येईल तेवढं लांब बसतात, मधला चारही बाजूंनी झाकला जातो. पाणी शिरायला जागाच नाही. काही होत नाही त्याने."

"नक्की?"

"लिहून देऊ?"

आणि दिलं ना लिहून! वहीचं पान फाडून, रंगीत पेनांनी. एका बाजूला कार्बनवाला, एका बाजूला सल्फरवाला, दोन्ही हुबेहूब जुळे. खाली ठळक अक्षरात, 'चारही बाजूंनी बंद, पाण्याशी काही करत नाही.' आई म्हणालीसुद्धा, "अगं, कामाच्या जागेचं आहे, मॅडमना विचार ना आधी." मी म्हटलं, आई, हे अकरावीतलं आहे.

आज सकाळी मॅडमनी चाचणीचे पेपर दिले. चष्मिश, तू शेजारीच होतीस, मी एकदम उठून पळाले ते आठवतंय ना? प्रश्न सातवा. सल्फर टेट्राफ्लोराइडचा आकार. मी तेच चित्र काढलेलं. त्यावर लाल काट, आणि शेजारी मॅडमच्या अक्षरात, 'उरलेली जोडी कुठे गेली?'

तुम्ही सगळ्यांनी बरोबर लिहिलं असेल. कार्बनकडे बाहेरच्या कक्षेत चारच इलेक्ट्रॉन, चारही वाटून संपले. सल्फरकडे सहा! चार वाटले, दोन उरले. ती जोडी कोणाशी जोडलेली नाही, चित्रात दिसत नाही, पण ती तिथेच असते आणि सगळ्यांना ढकलते. आमची आत्या सोफ्यावर मांडी घालून बसते ना, तशी. इतर जोड्यांपेक्षा तिला जास्त जागा लागते, बाकीचे चौघे आपले अंग चोरून एका बाजूला. आकार होतो सीसॉसारखा, वाकडा. आणि ज्या बाजूला ती जोडी, त्या बाजूला फ्लोरिनचा पहाराच नाही. पाणी सरळ सल्फरपर्यंत. मग हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो, काचसुद्धा खाणारं आम्ल. आणि माणसात पाणी कुठे असतं? डोळ्यात, नाकात, घशात, छातीत.

मी दादाला सतरा फोन केले. त्याचा फोन लॉकरमध्ये, कामाला लागले की ठेवावाच लागतो. रिक्षा केली. फाटकावरचा वॉचमन म्हणतो, "बाई, पास?" मी त्याच्या काखेखालून आत.

दादा बाहेरच पायरीवर बसला होता. मास्क गळ्यात लटकलेला, कोरडा, काचेवर वाफसुद्धा नाही. डोळे लालभडक. मला बघून हसला. "आलीस? अगं झालं पण काम! अर्ध्या वेळात. नुसता सडक्या अंड्यांचा वास, बाकी काही नाही. जरा घसा धरलाय."

मागे भिंतीवर माझा कागद. लॅमिनेट केलेला!

इथे आणलं तेव्हा डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं असेल? "मास्क होता?" दादा म्हणाला, "नव्हता, पण बहीण केमिस्ट्रीची आहे आमची." अभिमानाने म्हणाला हो! मग डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाल्या, हा वायू लगेच परिणाम दाखवत नाही. माणूस हसतो, बोलतो, आणि काही तासांनी छातीत पाणी भरायला लागतं. श्वास मोजत राहा. मी मोजतेय. बाराला मिनिटाला अठरा होते. एकला वीस. मघाशी तुम्ही यायच्या आधी चोवीस. त्याला सांगितलं नाही, तो म्हणतो तू माझ्या छातीकडे काय टक लावून बघतेस.

आता फोन का ते ऐका. मी दादाच्या फोरमनकाकांना फोन केला, म्हटलं तो कागद काढा, चुकलाय, फाडून टाका. ते म्हणाले, "कुठला, तो रंगीत? अहो फार छान समजावलंय तुम्ही! मी फोटो काढून सगळ्या उपकेंद्रांना पाठवला. पोरं खूश आहेत."

सगळ्या म्हणजे किती? अकरा.

म्हटलं, काका, आत्ताच्या आत्ता सगळ्यांना कळवा. तर म्हणाले, "असं तोंडी कळवता येत नाही, साहेबांची सही लागते. सोमवारी पत्रक काढतो." कागद पाठवताना सही लागली नव्हती, आणि मागे घ्यायला लागते! मी रडायलाच लागले, तेव्हा कुठे नंबर दिले त्यांनी. हे बघा. चष्मिश, हे चार तुझे. लंबू, दार सोड, हे तीन तू घे. उरलेले चार मी. फक्त एवढंच सांगायचं, तो कागद खोटा आहे, मास्क काढू नका, कोणी आत असेल तर बाहेर काढा. आपण कोण विचारलं तर सांगा, तो कागद जिने लिहिला तिच्याकडून.

हॅलो? हॅलो, उपकेंद्र ना? तुमच्याकडे तो चार फ्लोरिनचा कागद... हो, हो, रंगीत, तोच. ऐका, तो मी लिहिलाय आणि तो चुकीचा आहे. आज कोणी टाकी उघडलीये का?... कधी?... सकाळपासून? दोघं आत? अहो, मास्क आहेत ना त्यांच्या तोंडावर?

म्हणतोय, मास्क इथे टेबलावर आहेत.

हाक मारा त्यांना! आधी हाक मारा, मग काय विचारायचं ते विचारा! हो, मी धरते, मी फोन धरूनच आहे...

श्श, गप्प बसा जरा सगळे. तो हाक मारतोय. ऐकू येतंय मला.

एकाने ओ दिली.