गोड्या विहिरीची नाली

दर्यापूरकडच्या त्या गावात गोड्या पाण्याची एकच विहीर होती. बाकीच्या साऱ्या खाऱ्या. त्यांच्या पाण्यात डाळही शिजत नसे. पण देवरावच्या मोहल्ल्यातल्या बायांना गोड्या विहिरीत दोर टाकायची मनाई होती. त्याची बायको मैना दूर घागर ठेवून, कोणी वरून ओतेल म्हणून ताटकळत बसे.

गावाची नाली उपसायचं काम पिढ्यान् पिढ्या देवरावच्या घराकडे होतं. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्यानं ते सोडलं. दोन वर्षांत नाली गाळानं बुजली, सांडपाणी तुंबून विहिरीत झिरपू लागलं. भादव्यात हगवणीची साथ आली. सरपंच खुशालरावांची नात तिच्यात गेली.

आठ दिवसांनी खुशालराव देवरावच्या अंगणात आले.

"देवराव, नाली मोकळी करून दे बाबा. मजुरी देतो."

"मजुरी नाई पायजे. आमच्या बाया सोता दोर टाकतीन त्या इहिरीत."

"लोक आयकतीन काय?"

"मंग लोकाईलेच उपसू द्या."

खुशालराव उठले. भांडायचंही त्राण त्यांच्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघालेल्या देवरावला ते नालीत दिसले. एकटेच, हातात फावडं, धापा टाकत. चार घरी माणसं मागितली होती, कोणी आलं नव्हतं. देवरावला त्यांची कीव आली आणि कीव आल्याचा रागही आला.

"बायाईचं काय मंग?" त्यानं वरूनच विचारलं.

"टाकू दे दोर. मी सोता उभा राहीन तिथं."

देवरावनं घरून खणायची टिकास आणली. "नुसतं उपसून भागत नाई," तो म्हणाला, "उतारच इहिरीकडं हाय. वरूनच वळवा लागते, तुमच्या वावराकडं."

"वळव," खुशालराव म्हणाले.

तीन दिवस दोघं खणत होते. मग विहीर उपसून तिच्यात लाल दवा टाकली.

मैनेनं पहिल्यांदा दोर सोडला तेव्हा खुशालराव काठावर उभे होते. दोन बाया आपल्या घागरी उचलून निघून गेल्या. चौथ्या दिवशी त्याही परतल्या, जाणार कुठं? मैनेशी मात्र बोलल्या नाहीत.

त्या पहिल्या दिवशी घरी येऊन घागर उतरवली आणि मैना भिंतीला टेकून बसली.

"कसं हाय पानी?" देवरावनं विचारलं.

"गोड हाय," ती म्हणाली. मग डोळे मिटले, आणि इतक्या वर्षांच्या ताटकळण्याचा शीण काढत दुपारपर्यंत ती तिथून उठलीच नाही.