तीन टिंबांची चुळबुळ

मी तीन टिंबं बोलतोय. तिघं असून मी एकच, उगाच मोजत बसू नका. समोरचा माणूस मेसेज लिहू लागला की तुमच्या पडद्यावर तळाशी नाचतो, तोच मी.

माझा जन्म झाला तो वाट बघणाऱ्याला धीर यावा म्हणून. पण मी दिसलो की माणसं नखं कुरतडतात आणि मधेच गायब झालो की तोंड पाडून बसतात. खोटं कशाला बोलू, मला यात भारी मजा वाटते.

माझे एक मालक चष्म्याचे दुकानदार. त्यांच्या धाकट्या बहिणीने शिवणाचं दुकान काढलं, तेव्हा हे चार लोकांत म्हणाले होते की सहा महिन्यांत कुलूप लागेल. उद्घाटनालाही फिरकले नाहीत. दुकान छान चाललं, बहीणभावाचं बोलणं मात्र बंद पडलं. एकुलती एक बहीण ती. यांना अन्न गोड लागेना, पण माफी मागायची तर ताठ मान आड यायची. रोज मला नाचवायचे आणि सगळं पुसून फोन खिशात टाकायचे.

शेवटी त्यांनी एका चॅटबॉटला साकडं घातलं. त्याने चुटकीसरशी माफीनामा लिहून दिला. त्यात 'मनःपूर्वक दिलगिरी' होती, 'नात्याची वीण' होती, शेवटी जोडलेले हातसुद्धा होते. यांनी तो उचलून जसाच्या तसा चिकटवला. मला पाय हलवायलाही सवड मिळाली नाही.

बहिणीचं उत्तर आलं, "दादा, तू रोज लिहितोस आणि पुसतोस, ते मला इकडे दिसतं. आज एवढं मोठं आलं आणि टिंबं हललीसुद्धा नाहीत. कुणाकडून लिहून घेतलंस?"

चोरी पकडली गेली. एक गिऱ्हाईक एकाच भिंगाची चौकट नाकावर घेऊन ताटकळत होतं, त्याला तसंच ठेवून मालकांनी स्टूल ओढलं. मी नाचलो, थांबलो, पुन्हा नाचलो. माझी कंबर मोडायची वेळ आली. अखेर गेलं ते एवढंच, "माझं चुकलं. तुझं दुकान बघायला येऊ का?"

मग तिच्या बाजूने मी नाचू लागलो. मालक माझ्याकडे बघत राहिले. मी थांबलो. पुन्हा दिसलो. पुन्हा थांबलो. आणि फोनच वाजला.

ती रडत होती आणि रडता रडता भांडत होती. "विचारतोस काय? ये ना."

फोनवर बोलणं सुरू झालं की मला कुणी विचारत नाही, आणि त्याचं मला काडीचंही दुःख नाही. तुमच्यावर कुणी रुसलं असेल तर मला खुशाल नाचवा. दमवलंत तरी चालेल. पलीकडे कुणीतरी बघत असतं.