पहिल्या दुधाचा मान

"काका, प्लॅस्टिकची बाटली आत नेता येत नाही," राष्ट्रीय उद्यानाच्या गेटवरचा गार्ड म्हणाला. "क्रेटमध्ये ठेवा. नाहीतर इथंच पिऊन टाका."

"दूध हाय त्यात," संपत म्हणाला.

"मग प्या की!"

मागे रांगेत सणसवाडीच्या कंपनीची सगळी सहल खोळंबली होती. संपत त्याच कंपनीच्या गेटवर बावीस वर्षं वॉचमन होता. कामगारांच्या पिशव्या उलट्यापालट्या करायच्या, बाटल्या, तंबाखूच्या पुड्या काढून घ्यायच्या आणि कुणी गयावया केली की 'नियम समद्यास्नी सारखा' म्हणून हात झटकायचे, यातच त्याची उमेदीची वर्षं सरली होती. आणि अशा पक्क्या माणसाने दूध आणलं ते थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत! घरात कडीचा डबा होता, तांब्या होता. पण बसमध्ये हिंदकळून सांडू नये, फिरकीचं झाकण बरं, एवढाच विचार त्याने केला होता.

ते दूध साधंसुधं नव्हतं. म्हैस व्याली की पहिल्या दुधाचा मान धबधब्याखालच्या देवाचा. धारेत दूध सोडल्याशिवाय घरात त्या दुधाला कुणी तोंड लावायचं नाही, ही डोंगरातल्या धनगरवाड्याची रीत. जंगलाचं उद्यान झालं, वाडा उठला आणि माणसं मांडवगण फराट्याजवळ पुनर्वसनात येऊन पडली. तिथे ना डोंगर, ना धबधबा. संपतच्या आईने, गिताबाईने, अठ्ठावीस वर्षं कालव्यात दूध सोडून वेळ मारून नेली. आता ती ऐंशीच्या पुढे गेली होती. दोन महिन्यांपासून खाट सुटली नव्हती. चार दिवसांपूर्वी म्हैस व्याली आणि कंपनीची सहल नेमकी या उद्यानातच निघाली, तेव्हा म्हातारीने त्याचा हात धरून ठेवला होता. "एकडाव खऱ्या जागी पडू दे रं. मग मी मोकळी."

आता सांगावं का या पोराला? संपतने तोंड उघडलंही. पण समोरचा काय म्हणणार हे त्याला आधीच ठाऊक होतं; बावीस वर्षं तो स्वतः तेच म्हणत आला होता. त्याने बाटली मुकाट्याने क्रेटमध्ये ठेवली. बाकीच्या बाटल्यांच्या ओळीत, नीट उभी.

"थँक्यू, काका," गार्ड म्हणाला.

आत फरशीची वाट होती. गाइड पुढे चालत सांगत होता, की हे जंगल अगदी अस्पर्श आहे, इथे माणसाचा वावर कधी नव्हताच. संपतने ऐकलं आणि चालत राहिला. जिथे त्यांचं घर होतं असं त्याला वाटत होतं, तिथे कारवी माजली होती. घर तिथे होतं की वळणाच्या पुढे, हेही त्याला नक्की सांगता येईना. येताना बसमध्ये त्याला धास्ती होती, की चार लोकांत आपल्याला रडू येईल. रडू आलं नाही. काहीच आलं नाही. पाय दुखत होते तेवढेच.

धबधबा तोच होता. त्याच्या अलीकडे कमरेइतकं लोखंडी रेलिंग होतं.

"संपतमामा, आमचा ग्रुप फोटो काढा ना," विश्वजीतसाहेब म्हणाले. पोरगेलेसे, कंपनीत नवे.

फोन घेताना संपत म्हणाला, "साहेब, आमचं घर हितंच व्हतं."

"काय सांगता! लकी हो तुम्ही! रोज हा व्ह्यू!" साहेब हसले. "जरा तिरका धरा. धबधबा पूर्ण आला पाहिजे."

संपतने चार फोटो काढले. धबधबा चारही फोटोंत पूर्ण आला.

परतताना गेटवर क्रेट रिकामा होता. गार्डने सांगितलं, की दूध नासून वास सुटला होता, म्हणून गटारात ओतलं. "महत्त्वाचं काही नव्हतं ना त्यात, काका?"

"न्हाई."

घरी पोचायला दिवेलागण झाली. गिताबाई उशीला टेकून बसली होती. बायको, सुषमा, दारातच थांबली.

"पडलं का रं धारंत?" म्हातारीने विचारलं.

"पडलं, आये."

"पाणी गार व्हतं?"

"लई गार."

"वळाकलं का त्यानं तुला?"

हे ती विचारेल असं त्याला वाटलं नव्हतं. तो खाटेच्या कडेला बसला. "वळाकलं," तो म्हणाला.

म्हातारीने डोळे मिटले आणि हात जोडले. तिचा चेहरा निवांत झाला.

"सुषमे, आता नव्या दुधाचा च्या टाक. आदी माझ्या ल्योकाला दे. देवापास्नं आलाय."

सुषमाने कप आणला. आईचे डोळे आता उघडे होते, त्याच्याकडे लागलेले. संपतने कप तोंडाला लावला आणि ती बघत होती तोवर सगळा चहा प्यायला.