निळ्या टोपीतला पुतळा

टोपी बराबर आहे का, एवढंच पाहायला भावसिंगला नांदेडला पाठवलं होतं. नांदेडकडच्या गोरेगावजवळ त्यांचा तांडा; तिथला देविदास १९९४ साली सोमालियात शांतिसेनेत होता. औषधांचा ट्रक राखताना गोळी लागून गेला. आठ वर्षांनी तांडा त्याचा पुतळा उभारत होता, आणि त्याच तुकडीतून जिवंत परतलेला भावसिंग सोडला तर शांतिसेनेची ती निळी टोपी कोणी पाहिलेली नव्हती.

शिल्पकाराने मातीवरचं ओलं फडकं काढलं. चेहरा भावसिंगचा होता! नमुना म्हणून दिलेल्या ग्रुप फोटोत दोघं शेजारी उभे. त्या भल्या माणसाने देविदासऐवजी शेजारचा चेहरा उचलला. माती ओली होती, एका शब्दाचं काम होतं. पण हा गडी मनातून सुखावला. सोमालियातून परत आला तेव्हा त्याला कोणी कवडीची किंमत दिली नव्हती. "बराबर आहे," तो म्हणाला, "टोपी तेवढी उजवीकडे झुकवा." मिशी आणि टोपी असली की सगळे जवान सारखेच दिसतात, अशी त्याने वाटभर स्वतःची समजूत घातली. लाज तेव्हाच वाटायला हवी होती. तिला अनावरणाचा दिवस उजाडावा लागला.

पडदा सरला. देविदासची आई जिवनबाई हार घेऊन चौथऱ्याच्या पायऱ्या चढली. भावसिंग तिला याडीच म्हणायचा, तांड्यात आईला म्हणतात तसं. तिने पुतळ्याच्या गालावरून हात फिरवला, निरखून पाहिलं, आणि हार तसाच घेऊन खाली भावसिंगपाशी आली.

"हा तर तू हायस," ती हळूच म्हणाली.

"ठावं होतं, याडी. माती ओली होती तवाच दिसलं."

"मंग बोलला काहून न्हाईस?"

 तिने चार लोकांत थोबाडीत मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "जित्या माणसाच्या पुतळ्याला हार घालू नये, बाबा. मी न्हाई घालत. तुला काई व्हायला नगं."

"जिवनबाई, हार घाला!" पुतळा समितीचे उत्तमराव माइकवरून म्हणाले.

"माझे हात थरथर कापून राहिले," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. भावसिंगचं नाव तिने घेतलं नाही.

"मग भावसिंग, तू घाल. तुझा जोडीदार होता."

आता तरी तोंड उघडायचं! पण समोर सगळा तांडा बसला होता. त्याने हार घेतला, पायऱ्या चढला आणि स्वतःच्याच पुतळ्याला घातला. टाळ्यांचा कडकडाट झाला. जिवनबाईने तेवढ्यापुरती ओढणी डोळ्यांवर ओढून घेतली होती.